सांडपाण्यावरचा सोनटक्का

फुलांच्या राज्यातही मानपान असतात. गुलाबाला कुंडी मिळते, मोगऱ्याला दारापुढचे आळे मिळते, जास्वंद देवघराच्या खिडकीशी उभी असते. सोनचाफ्यावरून घर ओळखायचे की घरावरून सोनचाफा, हे आमच्या दक्षिण कोकणात सांगणे कठीण. तुळशीचे तर विचारायलाच नको. तिला प्रत्यक्ष वृंदावन! पण सोनटक्का कोणी हौसेने अंगणात, दारापुढे लावलेला मी अजून पाहिलेला नाही. त्याची जागा ठरलेली. न्हाणीच्या मागे, विहिरीच्या दोणीखाली, भांडी घासलेले पाणी जिथून ओघळत जाते त्या चिखलात. आणि एवढे असूनही भाद्रपदातल्या संध्याकाळी सगळे परसू कोणाच्या वासाने भरून जाते, ते विचारा!

दोन वर्षे मराठी विषय घेऊन वर्गात बसते आहे. मोगरा, प्राजक्त, बकुळ, चाफा ही मंडळी कवितांतून इतक्यांदा भेटली की आता त्यांचे आगमन आधीच ओळखता येते. सोनटक्का मात्र परीक्षेला नेमलेल्या एकाही कवितेत मला आढळला नाही. आढळला असता तर त्या प्रश्नाचे उत्तर मी पुरवण्या जोडून लिहिले असते. ते राहिले, म्हणून हा लेख.

सोनटक्का नात्याने आल्याचा भाऊ. आले, हळद, आंबेहळद, वेलदोडा हे सगळे एका कुळातले. वनस्पतिशास्त्रात त्याला आर्द्रक कुल म्हणतात. पान चुरगळून नाकाशी धरले किंवा मातीतला गड्डा मोडून पाहिला की नाते लगेच पटते. फरक इतकाच की बाकीच्या भावंडांनी आपली कमाई मातीत नाहीतर फळात ठेवली आणि ह्याने ती वाऱ्यावर उधळली. पूर्व हिमालयाच्या ओलसर भागापासून दक्षिण चीनपर्यंतचे रान हे त्याचे मूळ घर. तिथे तो ओढ्यांच्या काठी आणि झाडांच्या विरळ सावलीत आपोआप वाढतो. म्हणजे आमच्या न्हाणीमागचा हा गरीब गडी खरा रानातला, आणि बराच लांबून आलेला.

त्याचे फूल एकदा हातात घेऊन नीट पाहावे. फुलपाखरासारख्या पसरलेल्या ज्या शुभ्र पाकळ्या दिसतात, त्या मुळी पाकळ्या नव्हेतच! खऱ्या पाकळ्या तीन. त्या अरुंद फितींसारख्या मागे लोंबत असतात आणि त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. दिसते ते रूप वांझ पुंकेसरांचे आहे. ह्या कुळाच्या मूळच्या सहा पुंकेसरांपैकी एकच परागकण देण्याच्या कामाचा उरला. एक नाहीसा झाला, दोन बाजूंना पसरून पाकळ्यांसारखे झाले आणि दोघांचा मिळून पुढचा रुंद ओठ तयार झाला. घरात सहा भाऊ आणि कमावता एकच, ही गोष्ट आमच्या वाडीतही नवी नाही. पण बाकीच्यांनी निदान इतके देखणे तरी व्हावे! फुलाची नळी लांब असते आणि वास अंधार पडू लागला की वाढतो, कारण त्याचे निमंत्रण लांब सोंडेच्या रात्रीच्या पतंगांना असते. माणसांनी तो वास घेणे हे आगंतुकपणाचेच.

शास्त्रीय नाव हेडिचियम कोरोनेरियम. लिनिअसचा शिष्य योहान गेरहार्ड क्योनिग १७६८ साली तमिळ किनाऱ्यावरच्या त्रांकेबार ह्या डॅनिश वसाहतीत वैद्य म्हणून आला आणि पुढे वनस्पतींच्या मागे लागला. त्याने केलेले ह्या झाडाचे वर्णन १७८३ साली छापून आले. हेडिचियम ह्या ग्रीक शब्दांचा अर्थ गोड हिम आणि कोरोनेरियम म्हणजे मुकुटाचे, माळांचे. मी हे आईला सांगितले. आईने हिम पाहिले आहे ते फक्त मासळीच्या पेटीतले, आणि त्याला गोड वास येतो हे मान्य करायला ती काही केल्या तयार होईना!

उत्तरेत ह्याला गुलबकावली म्हणतात. हिंदी-उर्दूच्या विद्यार्थ्यांना ती कथा ठाऊक असेल: राजाची दृष्टी जाते आणि बकावली परीच्या बागेतल्या फुलानेच ती परत येणार असते. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात निहालचंद लाहोरी यांनी ती फारसीवरून उर्दू गद्यात आणली, आणि पुढे तिच्यावर नाटके आणि चित्रपटही झाले. नर्मदेच्या उगमाशी अमरकंटकला हेच झाड गुलबकावली म्हणून ओळखले जाते आणि त्याच्या फुलांचा अर्क डोळ्यांत घालण्यासाठी विकला जातो. कथेतले फूल अखेर बाजारात आले ते असे बाटलीतून. माझ्या मते कथा वाचावी, फूल माळावे आणि डोळे डॉक्टरांना दाखवावेत.

आता ज्यासाठी एवढे पाल्हाळ लावले त्याकडे येते. सोनटक्का आपोआप येतो असा सगळ्यांचा समज आहे. “त्याला काय लागते? सांडपाण्यावर वाढतो तो,” असे म्हणतात. आमच्याकडे तो आपोआप येत नाही. आमच्याकडे तो आई आणते.

तिचे वेळापत्रक वैशाखाच्या शेवटी सुरू होते. जुनी दाट झालेली बेटे ती खणून काढते आणि गड्डे कोयतीने तोडते, प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे राहतील असे. एका डोळ्याचा तुकडा रुजतो, पण रडतरखडत. आमच्याकडची माती जांभ्याची, तिच्यात ओल टिकत नाही. म्हणून वहाळाच्या कोंडीतला गाळ, वाळलेले शेण आणि पातेरा असे तीन थर ती आधी घालून ठेवते. तुकडे चार बोटे खोल आणि दीड-दीड हातावर. उथळ लावला तर पहिल्या सरीत उघडा पडतो, खोल लावला तर कोंब वर यायलाच श्रावण उजाडतो. जागा अशी हवी की सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारी माडाची सावली येईल. भर सावलीत नुसती पाने माजतात, भर उन्हात पानांच्या कडा करपतात. आणि पाणी! पाण्याबद्दल तिचा एक सिद्धान्तच आहे. “पाणी चालता र्‍हवाक व्हया, गो बाय. थांबला काय कांदो कुसतलो.” म्हणजे ज्या चिखलाला सगळे घाणेरडा चिखल म्हणतात, तो तिने उतार पाहून, दगड सरकवून, पाणी हळूहळू पुढे जाईल असा राखलेला असतो. शेणखताविषयी विचारले तर म्हणते, “तेका भूक खूप, पण खाता सावकाश.” दर महिन्याला ओंजळभर, एकदम घमेलेभर नाही.

मग राखण. ह्या झाडाच्या पानाची सुरळी करून आत राहणारी एक अळी आहे; तिचे पुढे तपकिरी रंगाचे, पांढऱ्या ठिपक्यांचे फुलपाखरू होते. तिला आई फारसे बोलत नाही, कारण ती पानेच खाते. खोड पोखरणारी अळी मात्र दिसली की ते खोड बुंध्याशी कापून चुलीत. रानडुकराला गड्ड्यांचा वास कळतो, म्हणून भोवती बोरीच्या काट्यांचा गडगा. फुलून गेलेले खोड पुन्हा फुलत नाही, ते जमिनीलगत छाटावे लागते, म्हणजे बाजूच्या नव्या कोंबाला जागा होते. चौथ्या वर्षी सगळे खणून पुन्हा पहिल्यापासून. ह्याला शेती म्हणायचे नाही, तर मग शेती कशाला म्हणायचे?

पण खरी कसोटी तोडणीची. खोडाच्या टोकाला हिरव्या खवल्यांचे कणीस येते आणि एकेका खवल्याआड दोन-तीन कळ्या पाळीपाळीने बाहेर पडतात. आज कोणती कळी उमलणार ते दुपारी तीनच्या सुमारास कळते; ती खवल्यातून पूर्ण वर येऊन टोकदार, पांढरी झालेली असते. त्याआधी तोडली तर उमलत नाही, संध्याकाळी तोडली तर पाकळी डागाळते. तीन ते चार, एवढाच काय तो वेळ. दहा-दहा कळ्या केळीच्या ओल्या पानात बांधायच्या आणि साडेचारची एस. टी. धरून तालुक्याच्या बाजारात जायचे. सहाला कळ्या पानातच हलू लागतात. सात वाजता वासावरून गिऱ्हाईक येते. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच फुलाला पिवळी कळा येते. त्याचे मोल शून्य.

शेजारी बसणाऱ्या बाईंकडे अबोली असते. अबोलीला वास नाही, पण ती दोन-तीन दिवस टवटवीत राहते. आज विकली नाही तर उद्या विकते. सोनटक्क्याला उद्या नाही. साडेआठची शेवटची गाडी येईपर्यंत उरलेल्या पुड्या आई निम्म्या किमतीत देते आणि मग चक्क वाटून टाकते. वीस रुपयांची पुडी, चतुर्थीच्या दिवसांत तीस. भाद्रपद-आश्विनात रोज दीडशे-दोनशे कळ्या निघत. दोन महिन्यांच्या ह्या मिळकतीतून माझी परीक्षेची फी, पुस्तके आणि घरातला गणपती एवढे भागत असे. वडिलांची मजुरी पोटाला जाते.

एका अर्जावर ‘आईचा व्यवसाय’ असा रकाना होता. मी ‘फुलशेती’ असे लिहिले. खिडकीतल्या गृहस्थांनी सातबारा मागितला. सातबाऱ्यावर न्हाणीमागची ती चिंचोळी पट्टी पोटखराब म्हणून नोंदलेली, तीही काकांच्या नावे सामाईक. त्यांनी शांतपणे माझा शब्द खोडून ‘घरकाम’ असे लिहिले आणि अर्ज पुढे सरकवला. ते गृहस्थ वाईट नव्हते. कागद पाहून त्यांना तेच दिसत होते. पण त्या दिवशी एस. टी.त बसल्यावर मला पोटखराब ह्या शब्दाचा फार राग आला. लागवडीला निरुपयोगी म्हणे! ज्या जमिनीवर मी पहिले वर्ष पास झाले ती?

तीन वर्षांपूर्वी आमच्या वाडीत घरोघरी नळ आले. ह्या नळाविरुद्ध मी एक अक्षरही लिहिणार नाही. पंचवीस वर्षे आईने विहिरीवरून कळश्या वाहिल्या आहेत, आणि नळाला पाणी आले त्या दिवशी तिने तोटीला हळदकुंकू लावले होते. पण नळाबरोबर नवी न्हाणी आली, तिच्याबरोबर शोषखड्डा आला आणि परसातला ओघळ बंद झाला. विहिरीच्या दोणीवर आता कोणी जात नाही. पहिल्या वर्षी सोनटक्का तसाच उभा होता, गाळातल्या ओलीवर. दुसऱ्या वर्षी पाऊस श्रावणात दडी मारून बसला तेव्हा खोडे बोटाएवढी बारीक निघाली. आई भांड्यांचे पाणी बादलीत साठवून नेऊन ओतू लागली. पण बादलीचे पाणी एकदम जाते आणि एकदम संपते. तिच्याच भाषेत सांगायचे तर ते चालते नव्हे. दोनशे कळ्यांच्या जागी साठ निघाल्या. साठ कळ्यांसाठी एस. टी.चे भाडे परवडत नाही.

तेव्हा आईने वहाळाकाठी लावायचा बेत काढला. वहाळ घरापासून हाकेच्या अंतरावर, काठ मोकळा, पाणी चालते. ह्याहून चांगली जागा कोणती? मी मात्र त्याच सुमारास कॉलेजच्या ग्रंथालयात ह्या झाडाविषयी मिळेल ते वाचत होते, आणि वाचले ते असे.

जगात हे फूल फार लांबवर गेले आहे. क्यूबाचे ते राष्ट्रीय पुष्प आहे; १९३६ साली त्याला तो मान मिळाला. स्पेनविरुद्धच्या लढ्यात तिथल्या स्त्रिया केसांत माळलेल्या ह्या फुलांत चिठ्ठ्या लपवून पोचवीत, असे तिथे सांगतात. (हे ऐकल्यावर आई म्हणाली, “थय पण बायका केसात माळतत?” बाकीचा इतिहास तिला त्यापुढे गौण वाटला.) हवाई बेटांत त्याच्या माळा करून पाहुण्यांच्या गळ्यात घालतात. पण त्याच हवाईत आणि ब्राझीलमध्ये ओढ्यांचे काठच्या काठ ह्याने व्यापले आहेत. ब्राझीलमध्ये तर त्याचे नावच दलदलीतली लिली. गड्ड्यांची जाळी इतकी दाट होते की तिथली मूळची झाडे उगवूच शकत नाहीत आणि उथळ पाणी अडून राहते. पुरात गड्ड्याचा तुकडा वाहून गेला की तो खाली जिथे अडकेल तिथे नवे बेट. एकीकडे मुकुट आणि एकीकडे तण, अशी त्याची कीर्ती!

आई म्हणाली, “साकवाखाली दोन बेटा आसत ती माझ्या लग्नाच्या आधीपासून आसत. तेणी काय व्हाळ गिळल्यान?” तिचे म्हणणे खोटे नव्हते. आमचा वहाळ मार्गशीर्षापर्यंत वाहतो, मग कोंडीत तेवढे पाणी उरते आणि बाकी दगड. त्या उन्हाळ्याने साकवाखालच्या बेटांना आवर घातलेला आहे. पण आता दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला पोत्यांचा वनराई बंधारा घालतात आणि पाणी लांबपर्यंत तुंबून राहते. त्यात आईचा गाळ, आईचे शेण, आईची राखण! उन्हाळा जे थांबवत होता तेच ती उन्हाळाभर जगवणार. खाली लोकांचे वायंगणी भात आहे. मृगाच्या पहिल्या पाण्याला त्याच वहाळातून मासे चढतात आणि सगळी वाडी कंदील घेऊन काठावर असते.

“व्हाळ काय कोणाच्या बापाशीचो?” असे ती चिडून म्हणाली, आणि मी म्हटले, “आये, तेच तर मी सांगतेय.”

त्या रात्री आम्ही दोघी बोललो नाही. मला वाईट वाटत होते ते ह्याचे की ज्या फुलांवर मी शिकले, त्या शिकण्यानेच मी तिची वाट अडवीत होते. पण तिच्या परसातली लागवड मला जी थोर वाटते ती नुसते लावण्यासाठी नव्हे. ती बेट कुठवर जाऊ द्यायचे ते ठरवते, खोड छाटते, चौथ्या वर्षी खणून काढते. परसातल्या गड्ड्याला ती ‘पुरे’ म्हणू शकते. वहाळात उतरलेल्या गड्ड्याला ‘पुरे’ कोण म्हणणार?

तोडगा निघाला तो वरच्या वाडीतल्या आबांच्या पोफळीच्या बागेत. त्यांच्याकडे झऱ्यावरून काढलेला मातीचा पाट आहे. तो बारा महिने वाहतो आणि बागेतच जिरतो, वहाळाला मिळत नाही. पाटाच्या कडेची दोन हात रुंद पट्टी आईने मागितली. आबांनी सगळे ऐकून घेतले आणि अटी घातल्या: पोफळीच्या आळ्यात एकही गड्डा शिरता कामा नये, पाटाचा बांध पोखरता कामा नये, आणि काढलेले गड्डे बांधापलीकडे फेकायचे नाहीत. उत्पन्नातला वाटा किती, असे आईने विचारले तेव्हा ते हसले. काकींनी मात्र आतून सांगितले की वाटा हवाच. रोज पाच कळ्या, देवाला दोन आणि मला तीन.

गेल्या मृगात आम्ही तिथे छप्पन्न गड्डे लावले. मी तोडत होते, आई लावत होती, आणि आबा काठी टेकून आळ्यापासूनचे अंतर मोजत होते. पहिले वर्ष, त्यामुळे फुले उशिरा, आश्विन संपता संपता आली, आणि तीही एकोणीस खोडांनाच. घरापासून आबांची बाग वीस मिनिटांच्या चढावर आहे. आई अडीचलाच जेवण आवरून निघते आणि पुड्या तिथेच बांधून परस्पर थांब्यावर उतरते. शनिवार-रविवारी मी जाते. केळीची पाने काकी कापून ठेवतात. दिवाळीच्या आदल्या शनिवारी एकशेचार कळ्या निघाल्या. काकींच्या पाच वजा जाता नव्व्याण्णव. म्हणजे दहाव्या पुडीला एक कमी. आईने पाटाच्या टोकाशी जाऊन पुन्हा एकदा सगळी कणसे चाचपून पाहिली आणि एक कळी घेऊन आली.